२२ फुटी फायबर होडीवर दोन बॅटऱ्या: निगेटिव्ह आणि अर्थिंग नेमकं कसं जोडायचं?

दर्या_मालवण

होडी २२ फुटी, फायबरची. मागे ६० एचपी फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड, सेल्फ स्टार्ट. आत्ता १२ व्होल्ट ६५ अँपिअर-अवरची गाडीची एकच बॅटरी आहे आणि सगळं तिच्यावरच चालतं: इंजिनाचा सेल्फ, जीपीएस-फिशफाइंडर, २५ वॅटचा व्हीएचएफ रेडिओ, नेव्हिगेशनचे एलईडी दिवे, डेकवर २० वॅटचे दोन फोकस, बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा).

त्रास दोन. सेल्फ मारला की फिशफाइंडर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि रात्री नांगरावर फोकस चालले की पहाटे सेल्फ जेमतेम फिरतो.

म्हणून दुसरी बॅटरी टाकायची आहे. विचार असा: घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर घ्यायची, मध्ये १-२-बोथ स्विच (पहिली, दुसरी की दोन्ही बॅटऱ्या ते निवडणारा) लावायचा. वेल्डिंग केबल पडून आहे, ती वापरायची.

अडलंय ते इथे:
१) ट्युब्युलर होडीवर चालेल का?
२) दोघींना चार्जिंग कसं मिळेल?
३) दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकत्र करायचे की वेगळे ठेवायचे?
४) अर्थिंग. तळाला बाहेरून तांब्याची पट्टी मारून निगेटिव्ह तिला जोडा, असा सल्ला मिळाला आहे. करू का?

वायरिंग_देवगड

तांब्याची पट्टी अजिबात मारू नका. आउटबोर्डचा ब्लॉक बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो आणि त्याच इंजिनाचा अल्युमिनियमचा पाय समुद्राच्या पाण्यात असतो. त्या निगेटिव्हला तुम्ही पाण्यातलं तांबं जोडलंत की अल्युमिनियम आणि तांबं मिळून खाऱ्या पाण्यात एक सेल तयार होतो. त्यात झिजतं ते अल्युमिनियम. आधी अॅनोड (पायाऐवजी झिजण्यासाठीच लावलेला धातूचा तुकडा) संपेल, मग गिअरकेस खायला लागेल. घरातलं अर्थिंग २३० व्होल्टच्या शॉकपासून वाचवायला असतं. १२ व्होल्टच्या फायबर होडीवर, किनाऱ्यावरची वीज आत घेत नसाल तर, त्याचं काही काम नाही. व्हीएचएफच्या नेहमीच्या मरीन अँटेनालाही पाण्यात पट्टी लागत नाही. ती लागते ती लांब पल्ल्याच्या एचएफ सेटला.

अपवाद एकच: पेट्रोलची टाकी किंवा तिचं वरचं झाकण-नळकांडं धातूचं असेल तर दोन्ही १० स्क्वेअर एमएमच्या हिरव्या वायरीने निगेटिव्ह बसबारला (अनेक वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीला) जोडा. पेट्रोल भरताना साचणाऱ्या स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून. प्लास्टिकची सुटी टाकी असेल तर तेही नको, पण ती भरताना होडीतून बाहेर काढून जमिनीवर ठेवा.

आता निगेटिव्ह. गडबड जास्त करून इथेच होते, कारण पॉझिटिव्हला सगळे जाड केबल, स्विच, फ्यूज नीट लावतात आणि निगेटिव्ह मात्र हाताला लागेल त्या वायरीने जोडून मोकळे होतात. जितका करंट जातो तितकाच परत येतो, तेव्हा परतीची केबलही तितकीच जाड हवी.

दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकत्रच करायचे, कायमचे. मध्ये ना स्विच, ना फ्यूज. वेगळे राहतात ते फक्त पॉझिटिव्ह. सेल्फसाठीची ती स्टार्ट बॅटरी, बाकी सगळं चालवणारी ती हाऊस बॅटरी. इंजिनाची काळी जाड केबल स्टार्ट बॅटरीच्या निगेटिव्हवर. तिथून हाऊस बॅटरीच्या निगेटिव्हला ३५ स्क्वेअर एमएमचा तुकडा. हाऊसच्या निगेटिव्हवरून १० स्क्वेअरची वायर कन्सोलमधल्या बसबारला, आणि फिशफाइंडर, व्हीएचएफ, दिवे, सगळ्यांचे निगेटिव्ह त्या बसबारवर.

दोन बॅटऱ्यांमधला तुकडा ३५ स्क्वेअरचा का? स्टार्ट बॅटरी उतरली आणि हाऊसवरून इंजिन सुरू केलं, तर सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअर त्याच तुकड्यातून परत येणार. तिथे ४ किंवा ६ स्क्वेअरची वायर असेल तर व्होल्टेज तिथेच पडेल, सेल्फ फिरणार नाही आणि दोन-तीन प्रयत्नांत वायरीचं कव्हर मऊ होईल.

इंजिनाच्या ब्लॉकवर इलेक्ट्रॉनिक्सची एकही निगेटिव्ह घेऊ नका. इंजिनाची जाड निगेटिव्ह पुढेमागे सैल झाली की सेल्फचा करंट दुसरी वाट धरतो. फिशफाइंडरची दीड स्क्वेअरची वायर किंवा डेटा केबलची जाळी इंजिनाला लागलेली असेल, तर तो तिच्यातून जातो आणि सेट जळतो.

वेल्डिंग केबल: जाडी पुरते, लवचीकही असते, पण तांबं उघडं असतं. खारी हवा थिंबलच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) टोकातून आत शिरते, तांबं कव्हरखाली हातभर आत काळं पडतं आणि बाहेरून केबल नवी दिसते. टिन केलेली (तांब्यावर कथिलाचा थर असलेली) मरीन केबल घ्या. दोन-तीन मीटरसाठी महाग वाटेल, तरी इथे काटकसर नको.

थिंबलसुद्धा टिनची, तोंड बंद असलेली, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेली. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक. हातोडीने ठोकलेली थिंबल नको. नुसतं सोल्डर भरलेली तर नकोच: सांधा तापला की सोल्डर सुटतं, आणि सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन हादऱ्यांनी तुटते. एका बोल्टवर चारपेक्षा जास्त थिंबल नको, सगळ्यात जाड थिंबल सगळ्यात खाली, आणि स्टीलचा वॉशर त्यांच्या वर. थिंबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये स्टेनलेसचा वॉशर घातला तर करंट त्याच्यातून जातो, आणि स्टेनलेस वीज फार वाईट वाहून नेतं. फुलपाखरू नटही काढून टाका, लाटांनी ते सुटतात. नायलॉक नट लावा.

आउटबोर्ड_रत्नागिरी

निगेटिव्हचं वर नीट आलं आहे. बॅटरी आणि पॉझिटिव्हचं मी सांगतो.

१५० ट्युब्युलर नको. अॅसिडसकट पन्नास-पंचावन्न किलो वजन, उंची जास्त, आणि हेलकाव्यांत झाकणांतून अॅसिड बाहेर येतं. शिवाय सावकाश करंट द्यायला बनवलेली असते. अडीअडचणीला सेल्फ मारताना कच खाते.

किती लागते ते मोजा. फिशफाइंडर १.२ अँपिअर, दहा तास: १२. व्हीएचएफ ऐकण्यावर ०.४ आणि मध्ये मध्ये बोलताना ५-६ अँपिअर, मिळून साडेपाच. एलईडी नेव्हिगेशन दिवे ०.५ अँपिअर, आठ तास: ४. दोन फोकस मिळून ३.४ अँपिअर, चार तास: साडेतेरा. पंप तासभर: साडेतीन. झाले ३९ अँपिअर-अवर. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवू नये, म्हणून ८० तरी हवी. १०० अँपिअर-अवरची सीलबंद एजीएम (अॅसिड काचतंतूंच्या थरात शोषलेली) डीप-सायकल, म्हणजे खोलवर उतरवायला बनवलेली बॅटरी घ्या. आणि स्टार्टची बॅटरीही आता किंवा पुढच्या बदलाला एजीएमच घ्या. दोघींना एकाच व्होल्टेजने चार्ज करणार आहात, आणि एजीएमला चालणारं व्होल्टेज पाणी भरायच्या बॅटरीला बरोबर असेलच असं नाही.

१-२-बोथ स्विचने काम होतं, पण तो माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून आहे. रात्री बोथवर राहिला की दोन्ही बॅटऱ्या एकत्र उतरतात, मग दुसरी घेतल्याचा उपयोग काय? आणि इंजिन चालू असताना कुणी तो ऑफवरून फिरवला तर चार्जिंगला बॅटरीचा आधार सुटतो, व्होल्टेज उसळतं आणि रेक्टिफायर-रेग्युलेटर (इंजिनाचा करंट डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) जातो. तो भाग महाग आहे.

त्यापेक्षा दोन साधे ऑन-ऑफ स्विच (एक इंजिनाला, एक हाऊसला), तिसरा इमर्जन्सीचा जोडणारा स्विच, आणि व्हीएसआर, म्हणजे व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा रिले. नेहमीचा व्हीएसआर १३.७ व्होल्टच्या आसपास दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. इंजिन सुरू झालं की आधी स्टार्ट बॅटरी भरते, मग हाऊस. इंजिन बंद झालं की थोड्या वेळाने दोघी सुट्या होतात आणि फोकस फक्त हाऊस खातात. दोन बॅटऱ्यांना चार्जिंग वाटून देणारा डायोडवाला आयसोलेटर घेऊ नका. त्याच्यात ०.६-०.७ व्होल्ट जातात आणि लहान आउटबोर्डच्या चार्जिंगवर बॅटरी कायम अर्धपोटी राहते.

फ्यूजची जागा नीट बघा. हाऊस बॅटरीच्या टर्मिनलवरच ४० अँपिअरचा फ्यूज बसवायचा मोह होतो. मग इमर्जन्सी स्विच ओढून सेल्फ मारला की तोच पहिला उडतो. म्हणून हाऊसच्या पॉझिटिव्हवरूनही ३५ स्क्वेअर थेट हाऊस स्विचला जाऊ द्या, इमर्जन्सी स्विच दोन्ही मुख्य स्विचच्या पुढच्या, म्हणजे लोडच्या बाजूंना जोडा, आणि ४० चा फ्यूज हाऊस स्विचमधून कन्सोलमधल्या फ्यूज पॅनलला निघणाऱ्या १० स्क्वेअरच्या सुरुवातीलाच लावा. सेल्फच्या केबलला फ्यूज लावत नाहीत, होड्यांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एबीवायसी संस्थेच्या ई-११ मानकातही तिला सूट आहे. पण सूट आहे म्हणूनच ती केबल छोटी ठेवायची, कडांवर घासू द्यायची नाही आणि वेगळ्या जाड पाइपातून न्यायची. बाकीच्या प्रत्येक पॉझिटिव्हला मात्र जिथून ती निघते तिथून सात इंचांच्या, म्हणजे वीतभर अंतरात फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवतो, सेटला नाही, हे धरून त्याचा आकडा ठरवा. पॅनलमधून पुढे प्रत्येक सेटला त्याच्या पुस्तकात लिहिलेला छोटा फ्यूज वेगळा.

व्हीएसआर दोन्ही मुख्य स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूंना जोडा, १६ स्क्वेअरने, दोन्ही टोकांना ८० अँपिअरचा फ्यूज. दोन्ही टोकांना का, तर त्या वायरीला दोन्हीकडून बॅटरी आहे. त्याची बारीक काळी वायर निगेटिव्हला.

बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच (पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू करणारा) मुख्य स्विचच्या आधी, थेट हाऊस बॅटरीवरून, पंपावर लिहिलेल्या अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घालून. सगळे स्विच बंद करून घरी गेलात तरी पंप चालला पाहिजे.

चार्जिंगचं खरं चित्र: या वर्गातलं इंजिन पूर्ण आरपीएमला साधारण १५-१७ अँपिअर देतं, त्यातले काही इंजिनच वापरतं. सेट चालू ठेवून प्रवासात बॅटरीकडे आठ-दहा आले तर पुष्कळ, हळू चालवताना त्याहून कमी. ३९ काढलेत तर ४५ भरावे लागतात. तासाभराच्या परतीत ते भरत नाहीत, आणि रोज थोडी थोडी कमी राहिलेली बॅटरी सल्फेट होऊन (प्लेटांवर कडक थर बसून) वर्षाच्या आत मरते. छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनल कंट्रोलरसकट हाऊसला लावा, १० अँपिअरचा फ्यूज घालून. स्वच्छ उन्हात दिवसाला २५ अँपिअर-अवरच्या आसपास मिळतात. व्हीएसआर दोन्ही बाजूंचं व्होल्टेज बघणारा घेतलात तर हाऊस भरल्यावर स्टार्टलाही तेच पोचतं.

आणि इंजिन पेट्रोलचं आहे. टाकी असलेल्या बंद कप्प्यात बॅटरी, स्विच, रिले ठेवू नका. जवळपास ठेवावेच लागले तर आयएसओ ८८४६ लिहिलेले, ठिणगी बाहेर न सोडणारेच घ्या.

दर्या_मालवण

पट्टी रद्द, ट्युब्युलर रद्द. बॅटऱ्या मागच्या बाकाखाली बसतील, टाकी पुढे आहे. इंजिनापर्यंत केबलने २ मीटर, कन्सोलपर्यंत ४ मीटर. १० स्क्वेअर एवढ्या अंतराला पुरेल ना?

दुसरं, इंजिनाच्या पायाचा अॅनोड शेजारच्या होड्यांच्या मानाने फार लवकर संपतो. तळात मासे जिवंत ठेवायच्या टाकीसाठी ब्राँझचा कॉक आहे आणि त्यावरून एक वायर निगेटिव्हला आणलेली आहे. बिल्जमधल्या पंपाच्या वायरीला टेप मारलेला जोडही आहे. करंट तिथून गळत असेल का?

वायरिंग_देवगड

केबल: ४ मीटर जाऊन ४ मीटर परत, म्हणजे ८ मीटर धरायचे. २० अँपिअरला १० स्क्वेअरमध्ये ०.२८ व्होल्ट पडतात, सव्वादोन टक्के. इलेक्ट्रॉनिक्सला तीन टक्क्यांच्या आत हवं, तेव्हा पुरेल. ६ स्क्वेअर घेतलीत तर जवळजवळ चार टक्के जातात, आणि फिशफाइंडर कमी व्होल्टेजला आधीच हळवा असतो.

अॅनोडचं कारण तो टेपचा जोड नाही, ती कॉकवरची वायर आहे. करंट ज्या धातूतून पाण्यात उतरतो तो धातू झिजतो. पॉझिटिव्ह वायर ओल्या बिल्जमध्ये गळत असेल तर आधी खाल्लं जातं ते त्या जोडाचं तांबं, पंपाची टर्मिनल्स, जवळचा पितळी नाहीतर ब्राँझचा भाग. निगेटिव्हला असलेला इंजिनाचा पाय त्या गळतीने झिजत नाही. पण ब्राँझचा कॉक वायरीने निगेटिव्हला, म्हणजेच इंजिनाला जोडलेला आहे. वर सांगितलेली तांब्याच्या पट्टीची गोष्ट तुमच्या होडीवर लहान प्रमाणात आधीच चालू आहे.

ती वायर काढा. फायबरच्या तळातला एकटा ब्राँझचा कॉक कशालाही न जोडता राहू शकतो. खात्री करायची तर होडी पाण्यात, इंजिन खाली, वायर सुटी करून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि कॉक व इंजिनाचा पाय यांच्यात मोजा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा पुढे दिसेल. वायर जोडलेली असताना हाच फरक रात्रंदिवस करंट ढकलत असतो.

आणखी तीन गोष्टी तपासा. इंजिनाच्या पायाला तांबं असलेला अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग मारलेला नाही ना? अल्युमिनियमला तो चालत नाही. अॅनोडवर रंग नाही ना, आणि अॅनोड ते ब्लॉक ओहममध्ये जवळजवळ शून्य येतो ना? नांगरावर इंजिन पूर्ण वर उचललेलं असतं ना?

टेपचा जोडही काढाच, फक्त त्याचं कारण वेगळं. गळती अशी बघा: सगळं बंद, बिल्जमध्ये थोडं पाणी, पण फ्लोट उचलेल इतकं नाही. बॅटरीची पॉझिटिव्ह केबल काढून मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मध्ये घाला. इंजिनाला चावी लावू नका, मीटर जळेल. काही मिलिअँपिअर व्हीएसआर आणि स्टिरिओच्या मेमरीचे असू शकतात. त्याहून जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्याने आकडा पडतो ती लाइन दोषी. नवा जोड बिल्जच्या पाण्याच्या वर, क्रिंप करून, गोंदवाल्या हीट श्रिंकमध्ये.

आउटबोर्ड_रत्नागिरी

जोडणी झाली की समुद्रात जाण्याआधी हे मोजा. किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढा. बहुतेक इंजिनांचा सेल्फ फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. तुमचं तसंही फिरत नसेल तर सुरू होतानाचे पहिले दोन सेकंद पकडा. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर धरायचा. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनाच्या ब्लॉकवरच्या उघड्या बोल्टपर्यंत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त नको. पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.५ च्या आत. थिंबलवर नाही, खुंटीवरच टोक टेकवा, नाहीतर खुंटी आणि थिंबल यांच्यातला खराब सांधा सापडणारच नाही. बॅटरी स्वतः सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये.

मग इंजिनचा स्विच बंद, हाऊस आणि इमर्जन्सी चालू, आणि हाऊसवरून सेल्फ मारून तेच निगेटिव्हचं माप हाऊस बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून पुन्हा घ्या. इथे आकडा वाढला तर दोन बॅटऱ्यांमधला तुकडा किंवा त्याची थिंबल बघा. त्यानंतर क्लिप लावून, इंजिनाला पाणी मिळतंय याची खात्री करून ते चालवा: स्टार्ट बॅटरी १३.७ पर्यंत चढली की व्हीएसआरचा टक आवाज येईल आणि दोन्ही बॅटऱ्यांवर एक-दोन दशांशाच्या फरकाने सारखं व्होल्टेज दिसेल. सेल्फ मारताना फिशफाइंडर अजूनही बंद पडला तर त्याची पॉझिटिव्ह कुठेतरी इंजिनाच्या बाजूला राहिली आहे.

बॅटऱ्या बॉक्समध्ये, पट्ट्याने आवळून. हाताने ओढल्यावर इंचभरही हलता कामा नयेत. पॉझिटिव्ह खुंटीवर रबराची टोपी. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत होडी वर ओढली की दोन्ही घरी आणा, पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्याने पुन्हा चार्ज करा. १२.७ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ ला निम्मी. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना इंजिनाला लागला तरी मग शॉर्ट होत नाही. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं तर एकदाही लावू नका, क्षणभर लागलं तरी रेक्टिफायर जातो. केबलच्या टोकांना लाल-काळी टेप आत्ताच गुंडाळून ठेवा.